चुन्याचा क्रूस

मिनीबसनं वळण घेतलं, मारिसोलनं तोल सावरायला वरची दांडी धरली आणि तिच्या शाळेच्या स्वेटरची बाही कोपराच्या पार खाली घसरली. एवढंच झालं. बेनिता समोरच्या बाकावर मांडीवर कुंचल्यांची गुंडाळी घेऊन बसली होती, त्यामुळं पोरीचा हात नेमका तिच्या डोळ्यांसमोर आला. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथं कातडी सायीसारखी पातळ असते तिथं, दोन ठिपके होते. शेजारी शेजारी, एक जरा वर. भोवती मुक्या माराचा असतो तसा पिवळसर डाग. हे ठिपके बेनिताच्या इतके ओळखीचे होते की क्षणभर तिला काही वाटलंच नाही. आपल्या घरातलं भांडं बाजारात कुणाच्या हातात दिसावं तसं नुसतं ओळखीचं वाटलं. सासूच्या हातावर ते होते, नणंदेच्या हातावर होते, धाकट्या दिराच्या, फेर्मीनच्या हातावर होते. दोन वर्षांपूर्वी सरहद्द ओलांडून उत्तरेला गेलेला फेर्मीन तिकडच्या उन्हाळ्यातही पुऱ्या बाह्यांचे शर्ट घालत असेल, असं तिच्या अनेकदा मनात येई. मग ती ओळख सरली आणि हा हात कुणाचा, हे तिच्या ध्यानात आलं. मारिसोल तिच्या नणंदेची, चोलेची मुलगी. मे महिन्यात तिला पंधरा पुरी झाली होती. पोरीनं बाही वर ओढली, पण घाईनं नाही. केस मागं सारावेत तशी ओढली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. त्या सहजपणानं बेनिता जास्त घाबरली.

"कधीपासून?" तिनं हळूच विचारलं.

"काय कधीपासून?"

"मारिसोल."

"जूनमधल्या सान हुआनच्या सणापासून. मामी, इथं नको. ती बाई बघतेय."

"बघू दे."

"आजी न्हाणीत घसरली म्हणून तुम्हाला सांगितलं ना? घसरली नव्हती. आदल्या दिवशी तिचा वार होता. सकाळी उठली आणि चक्कर येऊन पडली. मग मी म्हटलं, आजी, तुझा गुरुवार मी घेते."

"आणि मामा? मामा काही बोलला नाही?"

"नको म्हणाला. दोनदा म्हणाला." मारिसोलनं दप्तराचा पट्टा खांद्यावर सारखा केला. "तिसऱ्यांदा नाही म्हणाला. आईला सांगू नकोस हं. ती आधी मारेल, मग रडेल, आणि तिचं रडणं लवकर संपत नाही. आणि तसंही मामी, माझ्यामुळंच झालं ना हे सगळं? मग मी नको द्यायला? आज गुरुवार आहे. उशीर करणार नाही मी, सहाच्या आत येते." शाळेचा थांबा आला तशी ती उतरली, खालून हातही हलवला. कोणता हात, हे बेनितानं पाहिलं. नको असताना पाहिलं.

अकरा वर्षांपूर्वी मेलेला तिचा नवरा सेवेरो घरात होता आणि घरातल्यांच्या रक्तावर जगत होता. इतक्या सरळ शब्दांत ती हे मनातल्या मनातही कधी म्हणत नसे. घरात कुणीच म्हणत नसे. घरात शब्द होता तो 'वार'. सोमवार चोलेचा, गुरुवार आईचा, शनिवार फेर्मीनचा. फेर्मीन गेल्यावर शनिवार चोलेनं घेतला, बाकीचे दिवस कुणी नाही. गरीबाघरचा विद्यार्थी गावात वार लावून जेवतो, तसा सेवेरो आपल्याच घरात वार लावून जेवत होता. बेनिताला वार नव्हता. तिचं रक्त त्याला चालत नव्हतं. पहिल्याच महिन्यात तिनं आपण होऊन हात पुढं केला होता, हट्टानं, जवळजवळ रागानं, आणि त्यानं तो घेतला होता. मग तीन दिवस तो काळं ओकत होता, भिंतीला धरूनही उभा राहू शकत नव्हता. बकऱ्याचं आणून पाहिलं, ओळखीच्या नर्सकडून बाटली आणून पाहिली. काहीच टिकलं नाही. त्याला लागत होतं ते त्याच्या आईच्या पोटातून आलेलं, त्याच्याच वंशाचं. बायको ही काही रक्ताची नसते. हे साधंच आहे, लग्न लावतानासुद्धा कुणी तसं म्हणत नाही. पण अकरा वर्षं जेवणाच्या टेबलाशी बसताना आपलेच दोन्ही हात कोरे आहेत, हे बेनिताला दिसत होतं. ती उन्हाळ्यातही शाल घेऊन बसायची.

कारखान्यात जाऊन ती आपल्या जागी बसली. समोर फरशी होती, पहिल्या भट्टीतून निघालेली, वर पांढऱ्या काचेचा कच्चा लेप. भोकं पाडलेला कागद तिनं फरशीवर ठेवला, त्यावरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटली आणि कागद उचलला. काळ्या ठिपक्यांचं फूल उमटलं होतं. आता ठिपके जोडत निळी रेघ ओढायची, तेवीस वर्षं ओढली तशी. कच्च्या लेपावर रेघ पुसता येत नाही. लेप रंग पिऊन टाकतो, हात थांबला की तिथं डाग पडतो. तिचा हात थांबला. डाग पडला. तिनं दुसरी फरशी घेतली. मुकादम हिलारिओ मागून जाता जाता थांबले. "काय बेनिता, आज फुलांना गोवर आलाय वाटतं?" पलीकडच्या दोघी हसल्या. बेनिताही हसली. मग हिलारिओंनी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि ते नुसतेच "हं" म्हणून पुढं गेले. तिनं कुंचला पाण्यात घातला. पाणी निळं झालं. ते निळं होत असताना तिला सेवेरो आठवला. म्हणजे घरी मागच्या खोलीत आत्ता निजलेला नाही, आधीचा, ऊन सोसणारा. तो फरशा बसवणारा होता. चर्चच्या घुमटांवर, दोराला लोंबकळत. लग्नाआधी ती फरशीच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्याच्यासाठी काहीबाही लिहायची: आज भात करपला, बाबांचा गुडघा दुखतोय, तुझा शर्ट उसवलाय तो कुणाकडून शिवून घेऊ नकोस. त्याच खोक्यातून फरशा त्याच्याकडं जायच्या, आणि तो वाचून, वर गिलावा लावून त्या बसवून टाकायचा. एकदा तिनं काहीतरी भलतंच लिहिलं होतं, आता आठवलं तरी कान गरम होतील असं. तेव्हा त्यानं निरोप पाठवला होता, ही फरशी मी घंटेच्या अगदी जवळ बसवलीय, रोज बारा वाजता थरथरते. असा माणूस तेहतिसाव्या वर्षी घुमटावरून पडला. दोर तुटला नव्हता, गाठ सुटली होती. गाठ त्यानंच मारली होती.

मग ते नऊ दिवस. शवपेटी उचलून नेल्यावर पुढच्या खोलीत, पेटी होती तिथंच, जमिनीवर चुन्याचा क्रूस घातला होता, माणसाएवढा लांब. चार बाजूंना मेणबत्त्या, रोज संध्याकाळी जपमाळ. जप सांगायला म्हाताऱ्या ब्राउलियाबाई, दोन्या ब्राउलिया, यायच्या, त्यांच्या अंगाला कापराचा वास यायचा. नवव्या संध्याकाळी क्रूस उचलायचा असतो. पाय, हात, डोकं, एकेक भाग हातानं गोळा करून खोक्यात भरायचा आणि सगळ्यात शेवटी मधला, काळजाचा. मग ते खोकं कबरीत. तोवर गेलेला माणूस घरात असतो, उचलला की वाट धरतो. हे बेनिताला लहानपणापासून माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असतं. तिनं स्वतः आपल्या वडिलांचा उजवा हात उचलला होता. पण नवव्या दिवशी पहाटे तिला जाग आली तेव्हा घर सगळं निजलं होतं, पुढच्या खोलीत मेणबत्त्या अर्ध्या जळल्या होत्या, आणि आज संध्याकाळी हे लोक त्याला पायापासून गोळा करायला लागतील हे तिला सहन होईना. त्यापुढचं तिनं ठरवून केलं की कसं, हे आज अकरा वर्षांनंतरही तिला सांगता आलं नसतं. ठरवलं नव्हतं असं म्हणावं तर स्वयंपाकघरातून खराटा आणायला ती अनवाणी गेली होती, आवाज होऊ नये म्हणून. चुना अंगणातल्या मोरीपर्यंत ढकलला, वर दोन बादल्या पाणी. तो परत येईल असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याचा वास राहील, जिन्यात पाऊल वाजल्याचा भास होत राहील, एवढंच तिला हवं होतं. तेवढंच हवं होतं का? तिचं तिलाच खात्रीनं सांगता येत नव्हतं.

आणि ती अंथरुणात परत शिरल्यावर चार वर्षांची मारिसोल उठून पाणी प्यायला निघाली, तिथंच उरल्यासुरल्या चुन्यातून चालत गेली आणि ओसरीभर पांढरी पावलं उमटवत आली. चोलेनं ती पावलं पाहिली. चोलेनं पोरीला इतकं मारलं की सासूबाईंनी, दोन्या मातिल्देंनी, मध्ये पडून सोडवलं. बेनिता दारात उभी होती. तोंड उघडायचं तर तेव्हाच उघडायला हवं होतं. पुढच्या क्षणी अवघड झालं, आणि त्यानंतर दर क्षणाला अधिकच. तिसऱ्या संध्याकाळी सेवेरो स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेला सापडला. अंग गार, दात वाजत होते, समोर ठेवलेलं काहीच खाईना. मिरच्या चिरता चिरता आई त्याच्याकडं बघत राहिली आणि सुरी बोटाला लागली. त्यानं ते बोट, लहान मूल घेतं तसं, तोंडात घेतलं. दोन्या ब्राउलियांना बोलावलं तेव्हा त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. बाहेरूनच म्हणाल्या, ज्याच्या हातानं मोडला त्याच्याच हातानं उचलला पाहिजे. मग पुन्हा चुना घातला आणि मारिसोलचा इवला पंजा धरून तिच्याकडून एकेक भाग उचलवला. पोर रडत होती. सेवेरो खुर्चीत बसून बघत होता. काहीच झालं नाही. लहान मूल आहे, त्याचं पाप धरलं जात नाही, असं म्हणून दोन्या ब्राउलिया गेल्या त्या परत आल्या नाहीत. आणि बेनिता, देवा, त्या रात्री बेनिता आनंदात होती.

दुपारी डोकं दुखतंय म्हणून ती कारखान्यातून निघाली. गिरणीवर जाऊन चार किलो चुना मागितला. मका उकडायला वापरतात तोच चुना, कुणाच्याही क्रूसाला तोच. गिरणीवाला पुडी बांधता बांधता म्हणाला, "चार किलो? लग्न काढलंय की काय घरात?"

"हो," बेनिता म्हणाली.

"मग आमंत्रण कुठाय?"

"घरच्या घरी आहे."

वाटेत ती दोनदा थांबली. एकदा एका दारापाशी उगीच बसली. दुसरं काही सुचतंय का ते ती पाहत होती. सकाळपासून तेच पाहत होती. फेर्मीनला बोलवावं. फेर्मीन येणार नाही, म्हणूनच तर तो गेला. चोलेनं तिन्ही वार घ्यावेत. चोले गणवेश शिवण्याच्या कारखान्यात दिवसभर मशीनवर बसते, आत्ताच तिच्या नखांचा रंग गेलाय. आईंना वर्षभरही रेटता येणार नाही. मग उरते कोण? मारिसोल, आणि उद्या मारिसोलला होतील ती. प्रत्येक वाट त्या घसरलेल्या बाहीपाशी येऊन थांबत होती. सेवेरोनं थोडं कमी घ्यावं. सेवेरोनं तिसऱ्यांदाही नको म्हणावं. इथं आल्यावर तिला त्याचा राग आला, आणि रागापाठोपाठ तो संध्याकाळी गच्चीवर तिच्या शेजारी बसतो तेव्हाचा त्याचा गार खांदा आठवला. आज काय रंगवलंस, असं तो रोज विचारायचा, अकरा वर्षांत एकही दिवस चुकला नव्हता. ती चाळिशीला आली होती, तो तेहतिसावरच होता. तिच्या कानामागचे पांढरे केस तो बोटानं बाजूला करून बघायचा आणि म्हणायचा, तू माझ्या पुढं चाललीस, जरा थांब. कुठल्या बाईच्या वाट्याला असा नवरा येतो? पण त्याच्या त्या बोटांना जी थोडीशी ऊब असायची, ती सोमवारी चोलेची असायची, गुरुवारी आईंची. आणि गेल्या काही गुरुवारी? ते बोट आपल्या कानामागं फिरत होतं तेव्हा? बेनिता उठली आणि चालायला लागली.

दोन्या मातिल्दे टेबलाशी बसून घेवड्याचे दाणे निवडत होत्या. "एवढ्या लवकर? हिलारिओनं हाकललं की काय?"

"डोकं दुखतंय, आई."

"त्याला आधी डोकं असावं लागतं."

बेनितानं पुडी टेबलावर ठेवली. सासूनं तिच्याकडं पाहिलं, मग पुन्हा घेवड्याकडं. "मका मी कालच उकडलाय."

"मारिसोलचा हात पाहिला मी."

एक खडा निघाला. म्हातारीनं तो बाजूला ठेवला. "मी नको म्हटलं होतं तिला."

"किती वेळा?"

दोन्या मातिल्देंचे हात चालत राहिले, पण आता त्या निवडलेलाच घेवडा पुन्हा निवडत होत्या. बेनिता उभीच राहिली. बसली असती तर बोलता आलं नसतं. "क्रूस पोरीनं मोडला नव्हता, आई. मी मोडला होता. खराट्यानं."

"माहीत आहे."

बाहेरून गॅसवाल्याची हाळी गेली.

"मी जागी होते," म्हातारी म्हणाली. "नऊ दिवस कुठली झोप? खराटा तू दोनदा मारतेस आणि थांबतेस. फेर्मीन तसा मारत नाही, चोले तर खराटा हातात धरत नाही. मी पडल्या पडल्या ऐकत होते. म्हटलं, उठावं, हिचा हात धरावा. मग म्हटलं, मार बाई, मार."

"मग चोलेनं पोरीला मारलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस?" म्हातारीनं मान वर केली. डोळ्यांभोवतीची कातडी कागदासारखी झाली होती. "तुझा नवरा होता, माझ्या पोटचा होता. आपण दोघी काय बोलणार? राहिली ती पोर. म्हटलं चार वर्षांची आहे, विसरेल. पोरं विसरतात."

"ती विसरली नाही."

"पोरं विसरतात असं म्हणतात," दोन्या मातिल्दे म्हणाल्या. "कोण म्हणतं, कोण जाणे." मग त्यांनी घेवड्याचं ताट दूर सारलं, टेबलाला धरून उठल्या आणि पुढच्या खोलीतल्या खुर्च्या भिंतीशी लावायला गेल्या. बेनिता मदतीला धावली तर म्हणाल्या, "राहू दे. माझा मुलगा आहे, जागा मी करते."

मागच्या खोलीची खिडकी विटांनी बुजवलेली होती. ऊन उतरायला थोडा अवकाश होता, पण तो जागा होता. अंधारात तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसती बाजूला सरकल्याची चाहूल लागली. ती खाटेच्या कडेवर टेकली. त्यानं विचारलं, "आज काय रंगवलंस?"

"काही नाही. तीन फरशा नासवल्या."

"मग हिलारिओ काय म्हणाला?"

"फुलांना गोवर आलाय म्हणाला." तो हसला. ते हसू तसंच होतं, दोरावरून लोंबकळताना खाली ऐकू यायचं तसं. बेनितानं ओठ घट्ट मिटून घेतले. मग ती म्हणाली, "चुना आणलाय."

"वास आला."

"मी झाडलं होतं, सेवेरो. तुला माहीत होतं?"

"मी खालीच होतो की. खराटा अंगावरून गेला." तो थांबला. "बरं वाटलं होतं मला. कुणीतरी न्यायला आलंय असं वाटलं."

"पोरीला दोनदा नको म्हणालास. तिसऱ्यांदा का नाही?"

अंधारात त्याचा श्वास ऐकू येत नव्हता. तो घेतच नसे, पण आत्ता तिला तो ऐकू यायला हवा होता. मग तो बोलला तेव्हा आवाज लहान झाला होता. "भूक लागली होती, बेनिता. तुला काय सांगू? तू समोर असलीस की मी माणूस असतो. तू नसलीस की भूक असते. तिचा हात गरम होता." आणि मग एकदम, तिची शाल मुठीत धरून, "एक आठवडा दे. फक्त एक. मी कुणाला शिवणार नाही. तिकडं थंडी आहे गं. तिकडं कुणी काही विचारत नाही, कुणी कुणाला ओळखत नाही. तू मला आणलंस ना? मग तूच कशी घालवतेस?"

एक आठवडा. तिच्या मनानं तो आठवडा लगेच उचलला, त्यात सात संध्याकाळी मांडल्या, गच्ची, खांदा, कानामागचं बोट, आणि आठवडा संपल्यावर आणखी एक मागायला ते मन तयारच होतं. अकरा वर्षं तसंच झालं होतं. ती उठली. शाल त्याच्या मुठीत होती, ती तिनं सोडवली नाही, खांद्यावरून काढून त्यालाच राहू दिली आणि उघड्या हातांनी बाहेर आली.

चोले सहाला आली, तिच्या पाठोपाठ मारिसोल. पुढच्या खोलीत जमिनीवर चुन्याचा क्रूस घातलेला होता, माणसाएवढा. चोले दारातच थबकली. "हे काय नवीन?" बेनितानं सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. इतकी वर्षं दडवलेली गोष्ट बोलायला लागल्यावर तीन वाक्यांत संपली, याचंच तिला आश्चर्य वाटलं. चोलेनं लेकीचा हात धरला, बाही वर केली, पाहिलं, बाही खाली केली. मारलं नाही, रडली नाही. हलक्या आवाजात म्हणाली, "अकरा वर्षं मी हिला त्यावरून बोलत आले, वहिनी. दूध उतू गेलं तरी त्यावरून बोलले." आणि दोन्या मातिल्देंकडं वळून, "आणि तू, आई? तुलाही ठाऊक होतं?" म्हातारी कोपऱ्यात मेणबत्ती लावत होती. तिनं मान हलवली, पाठमोरीच.

"म्हणजे मी नव्हते?" मारिसोल म्हणाली.

"नाही."

"पण माझे पाय पांढरे होते."

"मी झाडून गेल्यावर तू तिथून चाललीस. तहान लागली होती तुला."

मारिसोलनं आपल्या पायांतल्या मोज्यांकडं पाहिलं. तेवढ्यात सेवेरो आतून आला. अंगावर बेनिताची शाल होती. कुणी बोलावलं नव्हतं. त्या पांढऱ्या खुणेकडं त्याला जणू यावंच लागत होतं. तो भिंतीशी खुर्चीत बसला. दोन्या मातिल्देंनी जप सुरू केला, मधले शब्द विसरत, पुन्हा मागं येत. बेनिता गुडघ्यांवर बसली. खोकं मारिसोलच्या वाढदिवसाच्या बुटांचं होतं, दुसरं घरात नव्हतं.

तिनं पाय उचलले. चुना कोरडा, हाताला किंचित चावरा. सेवेरोनं खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला आणि तो पुन्हा बसला, खाली नवलानं बघत. तिनं उजवा हात उचलला, डावा उचलला. शाल त्याच्या खांद्यावरून घसरली आणि त्याला ती सावरता आली नाही. चोलेनं पुढं होऊन त्याच्या अंगावर नीट पांघरली, भाऊच होता तो. "बेनिता," तो म्हणाला. "एक आठवडा. आई, तू तरी सांग हिला." दोन्या मातिल्देंचा जप थांबला, आणि त्या सांगणार, आता सांगणार, असं बेनिताला वाटलं, सांगितलं असतं तर आपण ऐकलं असतं हेही तिला कळलं. म्हातारीनं मणी पुढं सरकवला.

तिनं डोक्याचा चुना गोळा केला. मग त्याच्याकडं पाहिलं. पाहायचं नाही असं ठरवलं होतं. त्याच्या तोंडावरचं सगळं पुसून निघालं होतं, विनवणी, भीती, ओळखसुद्धा. त्यानं आईकडं पाहिलं ते खिडकीकडं बघावं तसं. चोलेकडं पाहिलं, मारिसोलकडं पाहिलं. मग त्याची नजर बेनितापाशी आली आणि तिथं थांबली. ही कोण हे त्याला कळत नव्हतं, हे उघड दिसत होतं. तरीही तो तिच्याकडं तसाच पाहत होता, घुमटावरून उतरून, अंगाला गिलावा लागलेला, कारखान्याच्या फाटकाशी उभा राहून पाहायचा तसा.

जमिनीवर मधला भाग तेवढा राहिला होता, तळहाताएवढा.

"मामी, थांब." मारिसोल तिच्याजवळ येऊन उकिडवी बसली होती. डोळे भरले होते, पण आवाज भलताच शांत होता. "राहू दे ना त्याला. मला वाटायचं माझ्यामुळं झालंय, म्हणून द्यायचे. आता माझ्यामुळं नाही झालं, तर आता माझ्या मनानं देईन. मला काही होत नाही. खरंच नाही होत. थोडं गार वाटतं, बस. तो आपलाच आहे ना?" आणि तिनं स्वेटरची बाही आपण होऊन वर केली.

हे या घरानं तिला शिकवलं होतं. कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. एकाच्या ताटातलं दुसऱ्याला द्यावं, पडलेल्याचं ओझं उभ्यानं घ्यावं, एवढंच इथं पाहत ती वाढली होती. बेनितानं त्या हाताकडं पाहिलं. मग आपल्या हातांकडं पाहिलं. कोपरापर्यंत पांढरे झाले होते, आणि कोरे होते. सेवेरो बघत होता. कोण आहे हे न कळता, काही न मागता, नुसता बघत होता, आणि आयुष्यात पुन्हा तिच्याकडं असं कुणी बघणार नव्हतं.

ती त्याच्या नजरेत नजर ठेवून बसली आणि खाली न बघता, चाचपत, तिनं मधला चुना दोन्ही हातांच्या ओंजळीत गोळा केला.

शाल रिकाम्या खुर्चीवर पडली. दोन्या मातिल्देंनी उरलेले मणी ओढले, एकही न गाळता. चोलेनं मारिसोलला उठवून आपल्याजवळ घेतलं. बेनितानं ओंजळ खोक्यात रिकामी केली, बोटांच्या बेचक्यांतलंही झाडून घेतलं, आणि वर झाकण ठेवलं. मग ते उचललं आणि आत पाहिलं. आत चुना होता. तिनं झाकण परत ठेवलं, आणि काही वेळानं पुन्हा उचललं.